एजंट बाबारावनं मरायचं का?

वर्ध्यात माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. हार्ड डिस्क भरली की जुनी लग्नं पुसून जागा करता येते. किस्स्यांचं तसं होत नाही. ते एकावर एक चढतच जातात. आमच्या मंडळींचे तर इतके झालेत, की कोणी चहाला आलं की निम्मा वेळ "तो नाही गं, तो दुसरा सांग" यातच जातो!

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. नरेशभाऊंचं कापडाचं दुकान आहे, ते डायरेक्टर. प्रमोद तळेगावचा, भाजीपाला पिकवतो, तो हीरो. दिलीपकाका एसटीचे रिटायर ड्रायव्हर, पिपरी मेघेत राहतात, ते व्हिलन. आणि मी संगीता, कॅमेरा अन् एडिटिंग. आम्ही मिळून वऱ्हाडीत एक गुप्तहेर जन्माला घातला, एजंट बाबाराव. नेसायला धोतर, डोळ्यावर काळा गॉगल, कमरेला पिस्तुलाऐवजी विळा. लोक मोबाईलवर पाहतात, हसून लोळतात. सहा सिनेमे झाले. भांडण लागलं ते सातव्याला.

पण आधी बॅगेचं सांगते.

*

तिसऱ्या सिनेमात सीन असा होता: व्हिलन बसस्टँडवर एक बॅग ठेवून जातो आणि बाबाराव ती शोधतो. गर्दी खरी वाटावी म्हणून मी रस्त्यापलीकडून लपून शूट करत होते. काकांनी बॅग बाकावर ठेवली आणि निघून गेले. बॅगेतून दोन वायरी बाहेर लोंबत होत्या. नरेशभाऊंची आयडिया!

कोणीतरी ओरडलं, "बेवारस बॅग!"

बघता बघता स्टँड रिकामा. बायका पोरं उचलून पळताहेत, ड्रायव्हर गाड्या मागे घेताहेत. आणि त्या रिकाम्या जागेत धोतर-गॉगल घातलेला प्रमोद, एकटा, बॅगेकडे चाललेला! दोन पोलिसांनी त्याची कॉलर धरली.

"बॅग कोणाची? काय हाय तिच्यात?"

प्रमोदच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्यात फक्त पाठ केलेला डायलॉग होता. तोच बाहेर आला, "साहेब, मी मेलो तरी हे गुपित सांगणार नाई!"

मी धावत सुटले. कॅमेरा गळ्यात अडकवून रस्ता ओलांडला, हात जोडून सगळं सांगितलं. बॅगेत काकांसाठी घरून काकूंनी दिलेल्या पोळ्या आणि भेंडीची भाजी निघाली. वायरी जुन्या मिक्सरच्या होत्या. दोघांतल्या वयानं मोठ्या हवालदारांनी प्रमोदचा गॉगल काढला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"बाबाराव का हो तुम्ही?"

प्रमोदनं मान हलवली.

"माझी माय रोज पाह्यते तुमाले." मग त्यांचा आवाज चढला. "पुन्हा असं केलं ना, तर तिले मीच जाऊन सांगीन, बाबाराव जेलात गेला म्हणून!"

*

सातव्याची मीटिंग नरेशभाऊंच्या दुकानात होती. चहा आला, आणि नरेशभाऊ शांतपणे म्हणाले, "यावेळी बाबाराव मरन."

प्रमोदचा कप तसाच हातात राहिला. "काऊन?"

"जगातले सारे गुप्तहेर आता रडून राह्यले, रक्त सांडून राह्यले. आपला अजून वांग्याच्या वावरात घसरून पडून राह्यला. लोक हसतात अन् विसरतात. मले एकदा तरी असं काही करायचं हाय, का लोकायची झोप उडाली पाह्यजे."

"लोक हसतात म्हणूनच पाह्यतात ना भाऊ!"

"तुले पाहून हसतात. सिनेमा कुठं पाह्यतात?"

 प्रमोदनं कप खाली ठेवला आणि उठला. मला वाटलं, संपलं. सहा सिनेमे, इतकी वर्षं, सगळं इथेच संपलं. तेवढ्यात दिलीपकाकांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"बाबाराव मरन, ठीक हाय. पण मारन कोण?"

"तुम्हीच, काका."

"मंग माझा सीरियसले पाठिंबा! सहा सिनेमे मार खाल्ला ना बाप्पा मी!"

*

बातमी फुटली. एक बाई नरेशभाऊंच्या दुकानात आल्या. तासभर साड्या पाहिल्या, एक निवडली, घडी घालायला लावली. मग विचारलं, "बाबारावले मारून राह्यले ते तुम्हीच का?"

"हो," नरेशभाऊ जरा फुशारकीनंच बोलले.

"मंग राहू द्या साडी!"

प्रमोदला हे कळलं तेव्हा तो केवढा खूश झाला! त्याच खुशीत तळेगावला घरी गेला आणि वडिलांना विचारलं, "बाबा, तुमाले काय वाटते? बाबाराव मेला पाह्यजे का?"

वडील कोबीला पाणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "मार बाप्पा त्याले. तुले वावरात यायले टाईम तरी भेटन!"

*

शेवटी प्रमोद तयार झाला, पण मनापासून नाही. कापसाच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये शूटिंग सुरू झालं. सेटवर हसायला बंदी! बाबारावला खुर्चीला बांधलंय आणि व्हिलन त्याच्या थोबाडीत मारतो, असा सीन. काका आपले गालाला हात लावल्यासारखं करायचे.

"काका, खरं वाटत नाई," नरेशभाऊ म्हणायचे. पुन्हा टेक. पुन्हा तेच.

प्रमोद वैतागला. "मारा ना काका! डायरेक्टरले खरं पाह्यजे!"

काकांनी मारली. ड्रायव्हरचा हात तो! गोडाऊनभर आवाज घुमला. प्रमोदच्या डोळ्यांत पाणी आलं, काकांच्याही.

"वा! हेच पाह्यजे होतं मले!" नरेशभाऊ एकटेच खूश.

त्यानंतर कितीतरी दिवस प्रमोद त्यांच्याशी बोलेना. नरेशभाऊ दोन हात अंतरावर उभे, तरी मला म्हणतो, "संगीताताई, डायरेक्टरले विचारा, मले आता मरायचं हाय का जेवायचं?"

नरेशभाऊ माझ्याकडेच पाहून म्हणाले, "ताई, हीरोले सांगा, जेवून मरजो!"

*

शेवटच्या दिवशी दुपारी शेवटचा सीन. बाबाराव खुर्चीला बांधलेला, गालावर आणि सदऱ्यावर खोटं रक्त. समोर काका पिस्तूल रोखून हसतात आणि गोळी झाडतात, असं ठरलेलं.

काका हसायला लागले. हसता हसता मध्येच थांबले. हात छातीवर गेला. ते मागच्या पोत्यावर हळूच बसले.

"चालू ठेवा," नरेशभाऊ माझ्या कानात कुजबुजले. "काय करून राह्यले काका! जबरदस्त!"

खरंच जबरदस्त वाटत होतं. कॅमेऱ्यात काकांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"कट म्हणा, नरेशभाऊ," प्रमोद म्हणाला. किती दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलला!

"तू डायलॉग बोल."

"काकाच्या हातातून पिस्तूल पडलं भाऊ! सिनेमात पडत नाई ते! कट म्हणा!"

आणि तो खुर्चीसकट उभा राहिला.

मी त्याच्याच विळ्यानं दोर कापला. बाहेर त्याचा पिकअप उभा होता, फुलकोबीचे क्रेट भरलेला. क्रेट भराभर खाली फेकले. काकांना मागे आडवं केलं, त्यांचं डोकं नरेशभाऊंच्या मांडीवर. प्रमोदनं जी गाडी काढली! हॉर्नवरचा हात निघतच नव्हता. मागे नरेशभाऊ सारखे म्हणत होते, "काका, माझ्याकडे पाहा. काका, डोळे उघडा. काका!" काकांचे ओठ पांढरे पडलेले. मी त्यांचा हात धरून होते आणि तो गार होत चालला होता.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. रक्तानं माखलेल्या प्रमोदला त्यांनी पाहिलं, दोन्हीकडून धरलं आणि स्ट्रेचरवर आडवं केलं!

"मी नाई हो! मी नाई! काका! मांगं काका हाय!"

"उठू नका, लय रक्त गेलं तुमचं!"

*

बाहेरच्या बाकावर आम्ही बसून होतो. काकू आल्या, माझ्या शेजारी बसल्या. नरेशभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"मले वाटलं, ॲक्टिंग हाय," ते म्हणाले. "आईच्यान प्रमोद, मले ॲक्टिंगच वाटली."

प्रमोदनं आपल्या कपातला अर्धा चहा त्यांना दिला. 

डॉक्टर बाहेर आले, काका वाचले म्हणाले. तेव्हा कुठे काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नरेशभाऊ म्हणाले, "बस झालं. सातवा बंद. बाबारावच बंद."

"बंद नाई," प्रमोद म्हणाला. "सिनेमा होईन. पण सीरियसच होईन. आता मले हसवता येणार नाई भाऊ."

"अबे, मी सीरियस म्हणत होतो तवा तू नाई म्हणे! आता मी बंद म्हणतो तं तू सीरियस म्हणून राह्यला!"

आवाज वाढले. नर्स बाहेर आली. "पेशंटचे नातेवाईक कोण?"

"मी!" दोघं एकदम.

"मंग दोघंही दवाखान्याबाहेर जा!"

*

काका घरी आल्यावर काही दिवसांनी काकू माझ्या दुकानात आल्या. "त्या दिवशीचं शूटिंग हाय ना तुझ्याजवळ? हे मागून राह्यले."

होतं. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला होता. नरेशभाऊ म्हणाले, पुसून टाका. प्रमोद म्हणाला, काकांना दाखवलं अन् पुन्हा काही झालं तर? काकूंनी दोघांना गप्प केलं. "दुखणं त्याईचं हाय. पाहू द्या त्याईले."

पिपरी मेघेतल्या घरी खाटेवर काका उशीला टेकून बसले. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. काकूंनी त्यांचा हात धरला. नरेशभाऊ दारातच उभे, आत यायची हिंमत नव्हती. प्रमोद जमिनीवर बसला, मान खाली घालून.

पडद्यावर काका हसायला लागले. थांबले. हात छातीवर गेला. पोत्यावर बसले. नरेशभाऊंची कुजबूज ऐकू आली तसं दारातल्या नरेशभाऊंनी डोळे मिटून घेतले. मग पिस्तूल पडल्याचा आवाज, प्रमोदची ओरड, खुर्ची आपटल्याचा आवाज. काकूंची बोटं काकांच्या मनगटावर पांढरी पडली होती.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा लावलं. काका पुढे वाकले, चष्मा नीट केला. छातीवर हात जातो तिथे त्यांनी मला थांबवायला लावलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. 

मग चष्मा काढून ते म्हणाले, "काढून टाक संगीता हे. ओव्हरॲक्टिंग होऊन राह्यली!"