बिनछपराचं चर्च आणि मामूचा घुमट

माझा मामू मिस्त्री म्हणून जेवढा मोठा, तेवढाच हुन्नर सांगायला चिक्कू. साठच्या दशकात आखातातल्या फुजैऱ्याजवळच्या एका गावात आम्ही मशिदीचा घुमट बांधत होतो. मामू रत्नागिरीकडचा, मी त्याचा सख्खा भाचा, दहा वर्षं त्याच्या हाताखाली. तरी घुमटाचं माप त्याने मला कधी सांगितलं नाही. मधोमध खुंटी, खुंटीला दोरी. ती गोल फिरवायची आणि तिच्या टोकाबरहुकूम दगडांचं कडं बसवायचं. वरच्या प्रत्येक थराला दोरी किती बोटं आखडायची, तीच सगळी मेख, आणि ती मामूच्या डोक्यात. विचारलं की म्हणायचा, "इन्शाल्ला, वेळ येईल."

वेळ आली ती मामूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. ऑपरेशनला मुंबईला जायचं ठरलं, बोटीला पंधरा दिवस उरले. घुमटाचे नऊ थर बाकी, आणि हा बाबा तोंड उघडेना! घुमट उघडाच राहणार, गाव आम्हाला हसणार, या विचाराने मी नुसता धुमसत होतो.

एक दिवस आम्ही चुना आणायला रस्त्याच्या कामाच्या कॅम्पवर गेलो. तिथला स्टोअरकीपर गोव्याचा ख्रिश्चन. त्याच्या टेबलामागे एका चर्चचं कॅलेंडर होतं. मामूने चित्राला अगदी नाक लावलं. चार उंच मनोरे, मक्याच्या कणसासारखे निमुळते, अंगभर भोकं पाडलेले. आणि मागे छप्परच नाही, नुसतं आभाळ!

"हे अर्धंच कसं काय?" मामूने विचारलं.

"बार्सिलोनातलं आहे. ऐंशी वर्षं झाली, काम चालूच आहे," स्टोअरकीपर म्हणाला.

"ऐंशी? कंत्राटदार चोर असणार!"

स्टोअरकीपर पोट धरून हसला. मग त्याने सांगितलं, की भोकं घंटांचा आवाज बाहेर पडावा म्हणून ठेवलीत. आत खांब उभे राहायचेत ते झाडासारखे, कलते, वर फांद्या फुटलेले, आणि छप्पर त्या फांद्यांवर. आम्ही ओळंब्याची माणसं, खांब बोटभर कलला तर आमची झोप उडते. मामू "या अल्ला" म्हणत चुन्याच्या गोणीवर बसला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मग मामू रोज तिथे जाऊ लागला. हात धरून नेणारा मीच. स्टोअरकीपर सांगायचा, ते चर्च रचणाऱ्या माणसाने चाळीसहून जास्त वर्षं त्यात घातली, शेवटी तर तिथेच राहायला गेला. एक दिवस ट्रामने त्याला उडवलं. कपडे इतके फाटके की लोकांना वाटलं, भिकारी आहे. त्याच चर्चच्या तळघरात त्याला पुरलं. पुढे दंगलीत त्याचे नकाशे जळाले, प्लास्टरचे नमुने फोडले गेले. मागच्यांनी ते तुकडे वेचले, जोडले आणि काम पुढे नेलं.

मामू म्हणाला, "तुकडे जोडणारे त्याचे कोण होते? मुलगे? भाचे?"

"कोणी नाही. त्याच्या हाताखालचे, आणि त्यांच्या मागून आलेले."

दुसऱ्या दिवशी मामूने मशिदीत सगळ्यांना गोळा केलं. मिस्त्री, दगड वाहणारे बलुची, झाडून सगळे. आणि थराथराची बोटं मोठ्याने सांगितली, तीनदा. मी भडकलोच. "दहा वर्षं मी मर मर मेलो, आणि ती मेख तू बाजारात वाटलीस?"

"तुझ्या एकट्याजवळ ठेवली आणि तू ट्रामखाली आलास तर?"

"फुजैऱ्यात ट्राम आहे कुठे!"

"खलास! दोरी धर," मामू म्हणाला. मी रागाच्या भरात काहीच लिहून घेतलं नाही. सख्खा भाचा मी, मला काय गरज!

मामू बोटीने गेला. सहा थर सुरळीत चढले. सातव्याला मी चार बोटं दोरी आखडली, तर दगड आत सरकायला लागले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला आठवेना. इतक्यात एक म्हातारा बलुची खालून म्हणाला, "मिस्त्री, तीन." कडं बसलं. आणखी दोन थरांनी घुमट मिटला. आत पहिली अजान घुमली तेव्हा मी ढसाढसा रडलो.

मामूला पत्र लिहिलं, सातव्या थराचंही कबूल केलं. ऑपरेशन फसलं होतं, त्यामुळे उत्तर दुसऱ्याच्या अक्षरात आलं: "तू लिहून घेत नव्हतास, पेन्सिलीचा आवाज आला नाही. म्हणून तर तीनदा सांगितलं."