हर्षलाच्या चौकशीचा फोन

हे अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — ती ज्या नजरेने माझ्याकडे बघेल, ती नजर मला नको होती. आता तुम्हाला सांगतोय, तरी दार नीट लोटलंय का ते एकदा बघून आलो. स्वभाव संशयी, काय करणार?

हा स्वभाव नोकरीने दिला असं मी म्हणतो. खरं का ते माहीत नाही. मी भाईंदर पश्चिमेला राहतो आणि कंपनीच्या गाडीने नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरला जातो. लोकांचे फोटो, बँकांचे हिशोब ज्या यंत्रांत साठवलेले असतात ती यंत्रं तापतात. त्यांना थंड ठेवणाऱ्या विभागाचा मी शिफ्ट इनचार्ज. बाहेर पोरं नोकऱ्या नाहीत म्हणून रडतात आणि आमच्याकडे माणूस मिळत नाही. म्हणजे मिळतो, शिकतो, आणि शिकला की शेजारची कंपनी उचलते. त्यामुळे मला सवयच लागली. कुणी इस्त्रीचा शर्ट घालून आला — हा इंटरव्ह्यू देऊन आलाय. कुणी फोन घेऊन जिन्यात गेला — संपलं. कुणी उगाच गोड बोलला, मग तर राजीनामा खिशातच. बहुतेक वेळा माझा अंदाज खरा निघायचा, हेच वाईट झालं.

हर्षला लपवाछपवी करणारी नव्हती. भाईंदरजवळच्या डोंगरी गावची, कोळ्याच्या घरातली. तिला कामावर घेतलं मी, शिकवलंही मीच. नवरा मच्छीमार बोटीवर, म्हणजे आठवडा आठवडा समुद्रात. मुलगी बालवाडीत होती. आमच्या शिफ्ट फिरत्या, म्हणून पोर आजीकडे राहायची. हर्षला घरी पोहोचेपर्यंत कधी ती झोपलेली, कधी शाळेत गेलेली. दुसऱ्या एका कंपनीत हर्षलाला कायमची दिवसपाळी मिळत होती. पगार जवळपास तोच. जायचं होतं ते फक्त मुलीसाठी, आणि हे तिने मला आधीच येऊन सांगितलं.

"सर, त्या कंपनीला चौकशीसाठी तुमचंच नाव दिलंय. बाकी कुनावर माझा भरोसा न्हाय."

इतकं उघड. आणि मला काय वाटलं? मुलीचं निमित्त असेल, ही आणखी दोघांना फोडून नेणार.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

फोन आला तेव्हा मी काशीमीऱ्याला गाडीची वाट बघत होतो. ट्रकांचा आवाज एवढा की एका गॅरेजच्या आडोशाला गेलो. पलीकडे त्या कंपनीची बाई होती, सभ्य. हर्षला कामाला कशी, वेळेवर येते का, विचारलं. मी चांगलंच सांगितलं — एक शब्द खोटा नाही. मग तिने विचारलं, ही पुन्हा तुमच्याकडे आली तर तुम्ही तिला घ्याल का?

मी गप्प राहिलो. मुद्दाम. ती गेली तर तिच्या जागी कोण? आमच्या शिफ्टला चार माणसांचं काम आम्ही आधीच दोघं ओढत होतो. गणपतीला रत्नागिरीला जायची माझी सुट्टी नुकतीच मंजूर झाली होती. मग मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. गरीब घरची मुलगी आहे, तिच्या पोटावर पाय नको."

एवढंच. काय झालंय, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी म्हणत होतो, सोडा ना. चोरी, लफडं — तिला काय समजायचं ते समजू दे. मी कुठे काय बोललो? फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, हेही सांगायलाच हवं.

त्या कंपनीने हर्षलाला पुन्हा बोलावलंच नाही. आता मला नवाच संशय — हिला कळलं का? तिने घरचे सुके बोंबील आणून दिले, तर का दिले याचा विचार करत मी ती पिशवी घरी नेली. ती हसली तरी वाटायचं, ही वेळ बघतेय. पण तिला काही ठाऊक नव्हतं. तिने संशय घेतला तो स्वतःवर.

एका दुपारी डबा खाताना ती समोर येऊन बसली. "माझ्यात काय कमी हाय ते तुमी तरी सांगा, सर. तुमी खरं सांगाल."

काही कमी नाही, एवढं तरी म्हणायचं होतं. पण मग नाकारलं का, असं तिने विचारलं असतं — आणि माझी पाचावर धारण बसली. म्हणून मी तिच्यात उणिवा काढून दाखवल्या. इंग्रजी कच्चं आहे, म्हणालो. चार लोकांत अडखळतेस, गावची बोली तोंडात येते. ती मान डोलवत ऐकत राहिली आणि उठताना मला थँक्यू म्हणाली.

त्यानंतर तिने कुठेच अर्ज केला नाही. अजून माझ्याच हाताखाली आहे, फिरत्या शिफ्टमध्ये. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. काही सांगायचं असेल तर हळूच मला सांगते आणि मी ते सगळ्यांना सांगतो. मुलगी आजीकडेच वाढली, आता पाचवीत आहे.

परवा हर्षला मुलीशी फोनवर बोलत होती. पोर काहीतरी आनंदाने सांगत असावी, कारण ही आधी हसली. मग एकदम आवाज चढवून तिला रागावली — गावचं बोलू नकोस, असं बोललं तर कोणी कामाला घेत नाही. मी शेजारीच बसलो होतो.