खोट्या पत्रकाची हार्ड डिस्क

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली एक विधवा मुलीचा हात धरून आमच्या पोलीस ठाण्यात आली. दुसऱ्या हातात चुरगळलेलं छापील पत्रक होतं. त्यात तिचं नाव घालून लिहिलं होतं, 'ही डाकीण आहे. हिला पाणी भरू देऊ नका.' गावाने ऐकलं आणि तिचं झोपडंही मोडलं. वनजमिनीचा पट्टा तिच्या नावावर होता, दिराचा त्यावर डोळा होता.

गुन्हा नोंदवला. आठवड्याने खबऱ्याने सांगितलं की धरणगावच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात दीर दोनदा दिसला होता. आम्ही छापा घातला. पंचांसमोर हार्ड डिस्क काढून सील केली. दुकानदार खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"बठ्ठं देखी ल्या, साहेब. मी लगनपत्रिका छापस. डाकीण-बिकीण आमना धंदा नई शे."

"मग उठून उभा का राहत नाहीस?"

"सकायपासून चहा पिदा नई."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही.

डिस्क तपासणाऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला शोधायच्या शब्दांची यादी लागते. बाईचं नाव, गावाचं नाव, 'डाकीण' आणि त्यासाठीचे अहिराणी, पावरी बोलीतले शब्द असं सगळं मी स्वतः मोबाइलवर टाइप करून पाठवलं. चार महिन्यांनी अहवाल आला : 'नमूद शब्द आढळले नाहीत.' वरिष्ठ म्हणाले, "पुरावाच नाही. बंद करा." बंद करा म्हणजे काय? दीर मोकळा, दुकानदार मोकळा आणि बाई मात्र जन्मभराची डाकीण!

त्याच सुमारास कोर्टाच्या आवारात टायपिंग करणाऱ्या अक्कांकडून मी एक अर्ज पेन ड्राइव्हवर करून घेतला. ठाण्यात पेन ड्राइव्ह लावला, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. मी चिडून फोन केला.

"अक्का, हे काय दिलंत?"

"मराठीच दिलंय, साहेब. तुमच्या मशीनमध्ये माझा फॉन्ट नाही. जुन्या फॉन्टात टाइप केलं की मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठतात. फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो, बस. पत्रिकावाले बहुतेक अजून असंच टाइप करतात."

"आणि मोबाइलवर टाइप केलेलं नाव कुणी त्यात शोधलं तर?"

"मोबाइल खरी मराठी अक्षरं साठवतो. शोधू द्या की जन्मभर!"

इतकी वर्षं नोकरी झाली होती, पण दुकानदाराला 'फॉन्ट कोणता?' एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेनेही विचारलं नव्हतं. आमच्या या आळसामुळे दीर आणि दुकानदार सुटणार होते.

दुकानातल्या फॉन्टचं नाव शोधून काढलं. अक्कांनी यादीतला शब्द न् शब्द त्या फॉन्टात टाइप केला आणि मशीनच्या पोटात उमटलेली अक्षरं आम्ही पुरवणी पत्रासोबत पाठवली. फाइल पुसली तरी त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर डिस्कवर राहतो. त्या पुसलेल्या भागात पत्रक सापडलं. एक नाही, तीन! मजकूर तोच. फक्त गाव आणि बाईचं नाव वेगळं.

तिन्ही कागद मी दुकानदारापुढे आपटले. "या तिन्ही डाकिणी तुझ्याच दुकानात जन्मल्या काय रे?"

तो खाली बघत म्हणाला, "गिऱ्हाईक सांगस ते मी टाइप करस, साहेब. नाव बदलाले कितला येळ लागस?"

मी ते शब्द जसेच्या तसे जबाबात उतरवले. मग त्याने दिराचं नाव सांगितलं. दोघांना अटक झाली. बाई पोलीस बंदोबस्तात गावी परतली. जिने तिचं झोपडं मोडताना पहिला वासा ओढला होता, तीच शेजारीण तिला "चहा घे" म्हणाली. बाईने तो घेतला नाही. मला बरं वाटलं.

आजही नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, 'आढळले नाही' असं वाचलंत की आधी विचारा, शोधलं कसं? पण मला खरा धडा मिळाला तो उरलेल्या दोन नावांपाशी. एक बाई माहेरी सापडली. दुसरी गुजरातेत मजुरीला गेल्याचं कळलं, पत्ता कुणाकडेच नव्हता. मी जुनी दप्तरं उपसली. वर्षभरापूर्वी ती आमच्याच ठाण्यात येऊन गेली होती. अर्जाला तिच्या नावाचं तेच पत्रक टाचलेलं होतं. वर शेरा होता, 'कौटुंबिक वाद. समज देऊन परत पाठविले.'

खाली सही माझी होती.