म्हशीच्या चित्राची लॉरी

आमच्या पेंटरचाचांपुढे कुठलीही वस्तू ठेवा, ते आधी तिला करंगळी टेकवणार. मग ती लॉरीचा दरवाजा असो, कपातला चहा असो, नाहीतर बाजारातलं टरबूज. करंगळी टेकवायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "ठहरो, अजून कच्चं हाय." माझी पुरणपोळीसुद्धा त्यांनी एकदा अशीच नापास केली. मी पडले शाळेतली मास्तरीण. नापास करायची सवय मला, होण्याची नव्हे. पण बोलणार काय, पोळी खरंच कच्ची होती.

नळदुर्गला, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. लॉऱ्या रंगवायचा धंदा. काम इतकं सावकाश, की ड्रायव्हर लोक दातओठ खात. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेलच. लॉरी रंगून बाहेर आली की मात्र तेच ड्रायव्हर नवऱ्या मुलीभोवती फिरावं तसे कौतुकाने तिच्याभोवती फिरत. मागच्या फळीवर चाचांचा मोर असला, तर हैदराबादपर्यंत त्या लॉरीचा रुबाब असे.

आम्ही बदलीवर साताऱ्याकडून आलेलो. हे पोस्टात, मी शाळेत, आणि आमची सुमा दिवसभर चाचांच्या शेडसमोर. मुलीच्या जातीला बाहुली आवडावी की नाही? हिला लॉरी. गल्लीतल्या मुली भातुकली मांडत, तर ही त्यांच्या चुलीवरून विटेची लॉरी घालायची. मुली हाकलून देत. मुलांकडे जावं, तर ते म्हणत, "पोरींनी लॉरी चालवायची नसती." त्यात हिचं बोलणं वेगळं. हिने 'कुठे' म्हटलं की 'कुटं' म्हणणारी पोरं खिदळायची.

संक्रांतीला मी हौसेने सगळ्यांना बोलावलं. पोरं आली, मूठभर तिळगूळ घेतला आणि पसार झाली. सुमा हातात हलव्याची वाटी घेऊन तशीच उभी. मग मला म्हणाली, "आई, माझ्या वाढदिवसाला कोण येणार?"

"सगळे येतील," मी म्हणाले. म्हणून तर बसले, आणि कॅलेंडर पाहिलं. आठच दिवस उरले होते.

त्या काळी वाढदिवस म्हणजे घरच्या घरी औक्षण आणि वाटीभर शिरा. पोरं बोलावून समारंभ कोण करतंय! पण मीही हट्टाला पेटले. लॉरीचाच वाढदिवस करायचा, आणि घरात आहे त्या सामानात. चकल्या म्हणजे चाकं, लिंबाचं सरबत म्हणजे डिझेल. राहता राहिली लॉरी. म्हटलं, पुठ्ठ्यावर एक नंबरपाटी रंगवून घ्यावी, की झालं.

चाचांनी पुठ्ठ्याला करंगळी टेकवली आणि तो बाजूला ठेवला. "बाई, लॉरीचं जलसा म्हंता आन नुसता नंबर लावता? पोरीला काय येडी समजता का?"

"अहो चाचा, एवढ्याशा पोरीला एवढं पुरे."

"न्हाई पुरत. लॉरी म्या देतो."

त्यांनी डबे वाहायची आपली हातगाडी मोकळी केली. चहाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून बाजू केल्या, कुठल्याशा मोडीतल्या लॉरीचं स्टिअरिंग पुढे बसवलं, रबरी भोंगा लावला. रंगाच्या रिकाम्या डब्यातून सरबत ओतू म्हणाले, तेव्हा मात्र मी दटावलं. "ठीक हाय, किटलीतून द्या, पन नरसाळं घालून द्या," म्हणाले. तेवढं मी ऐकलं.

मग त्यांनी सुमाला विचारलं, "मालकीणबाई, मागं काय काढू? मोर का कमळ?"

"म्हैस," सुमा म्हणाली.

चाचांचा ब्रश थांबला. आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी मोर काढले असतील, म्हैस एकही नाही. दुसरा कोणी असता तर पोरीला समजावून मोरावर आणलं असतं. चाचा दुसऱ्या दिवशी गवळ्याच्या गोठ्यासमोर जाऊन बसले, दोन तास. गवळीण मला विचारायला आली, "बाई, चाचाचं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

म्हैस मात्र अशी उतरली, की आता रवंथ करील. बाकी गाडीला लालभडक रंग, त्याचे तीन हात, वर चमक यावी म्हणून जवसाचं तेल जरा जास्तच. आणि नेमकं आभाळ आलं. दोन दिवस उन्हाचा पत्ता नाही.

वाढदिवशी चारची वेळ दिली होती. साडेचार झाले. पाट मांडलेले, चकल्या रचलेल्या, आणि दारात फक्त सुमा. शेजारपाजारच्या घरांतून पोरांचा आवाज येत होता, पण आमच्याकडे कोणी फिरकेना. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरांचा राग आला, गावाचा आला, बदलीचा आला. ह्यांनाही दोन शब्द सुनावले, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसताना.

तेवढ्यात भोंगा वाजला. चाचा हातगाडी ढकलत आले. त्यांनी रिकामे पाट पाहिले, मग सुमाकडे पाहिलं. सवयीने गाडीच्या फळीला करंगळी टेकवली आणि ती पटकन सदऱ्याच्या आड घेतली.

"सुकलं का हो?" मी विचारलं.

"एकदम," म्हणाले. मग सुमाला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं. "लॉरी कशाला असती, मालकीणबाई? माल आनायला. माल येत न्हाई तर आपून जाऊ."

गल्लोगल्ली भोंगा वाजत गेला. पहिली दोन पोरं नुसती पाहायला आली. चाचा म्हणाले, "ही मालकीण. तिला विचारा, जागा हाय का." सुमाने दोघांना नीट न्याहाळलं आणि मागे बसायला सांगितलं. परत आली तेव्हा लॉरीत सहा, मागून ढकलायला चार आणि आजूबाजूने पळत सात-आठ. चकल्या पुरवता पुरवता माझी तारांबळ उडाली. नरसाळ्यातून डिझेल प्यायला रांग लागली. पोरींनी लॉरी चालवायची नसती म्हणणारा पोरगाच सुमाला विनवत होता, "एकदा मला बसू दे की गं."

आणि मग पोरं घरी गेली. थोड्याच वेळात त्यांच्या आया आल्या, हातात झगे आणि चड्ड्या घेऊन. सगळ्यांची पाठ-बूड लालभडक. दुकानदाराची बायको कानडीत सुरू झाली, ती मराठीत आल्यावरही कमी होईना. मी अंगणात रॉकेलचा डबा आणि चिंध्या आणून ठेवल्या. घासता घासता एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. मी चहा टाकला. गावात येऊन सात महिने झाले होते, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगणात बायका बसल्या.

चाचा कोपऱ्यात उभे होते. मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला कळलं नव्हतं?"

त्यांनी लाल करंगळी दाखवली. "कळलं व्हतं, बाई. पन पोरगी दारात उभी व्हती."

त्यानंतर सुमा घरात सापडेनाशी झाली. चाचांची नजर मात्र अधू होत चालली होती. दिवाळीनंतर त्यांच्या हातून मोराचा डोळा चुकला, आणि त्यांनी ब्रश ठेवला तो ठेवलाच. जावई येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. सुमाला मी सांगितलं होतं. तिने मान हलवली होती.

पुढच्या वाढदिवसाला कोणाला बोलवावं लागलं नाही. सारी गल्ली चारच्या आधीच घरात. औक्षणाला सुमा कुठे दिसेना. पाहते तर दारात उभी, रस्त्याकडे तोंड करून.

"चल गं, सगळे आलेत," मी म्हणाले.

"सगळे नाही," ती म्हणाली.

आत पोरांनी गलका मांडला होता. निरांजन विझायला आलं होतं. मी ते पाटाशी ठेवलं आणि तिच्याजवळ दारात जाऊन उभी राहिले.