मुकुंदकाकांच्या खिशातलं शेवटचं पान

तरी मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, काकांच्या श्रुतिकेची गोष्ट कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापू नका. छापलीत ना! ‘कंपाउंडरने केलेल्या डॉक्टरांच्या खुनाची रहस्यमय श्रुतिका.’ आता रहस्य कसलं उरलं? आपल्या मराठी मंडळाच्या पाध्येकाकू म्हणतात, “अरे, लोकांना आयडिया यावी म्हणून टाकलं. एवढं काय चिडायचं?”

चिडू नको तर काय करू? ज्यांच्या पंच्याहत्तरीचा हा सोहळा आणि हा गौरवग्रंथ, त्या मुकुंदकाकांनी उभ्या आयुष्यात खुनी कोण ते आधी कुणाला सांगितलं नाही. भारतात रेडिओवर श्रुतिका बसवायचे तेव्हाही शेवटचं पान त्यांच्याच खिशात. नटांना ते ऐन वेळी मिळायचं. “आधी कळलं की आवाज चुगली करतो,” असं ते म्हणतात.

मी सातवी नापास. इकडे अमेरिकेत आलो तेव्हा वेस्ट विंडसरला हॉटेलात कामाला होतो. एकदा आतून ओरडलो, “दोन मिसळ, एक बिनकांद्याची!” जेवायला आलेले काका उठून थेट किचनच्या दारात. “आवाज अगदी संशयिताचा आहे रे तुझा! रविवारी घरी ये.”

गेलो. तिथे श्रुतिकेची तालीम, सगळे इंजिनियर, भराभर वाचणारे. मी अडखळायचो. काकांनी चारचौघांत काही म्हटलं नाही. माझी वाक्यं स्वतः बोलून, रेकॉर्ड करून फोनवर पाठवायला लागले. शेवटचं पान आलं की मागे उभे राहून कानात सांगायचे. एकदा असंच ऐकता ऐकता कळलं, खुनी मीच! लोक म्हणाले, काय कापरा आवाज लावलास. लावला कसला, खरंच कापत होतो.

आता मी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. पत्रिका बघून काकांना फोन केला, तर ते हसत होते. “खुनी बदलला मी,” म्हणाले. बदललेला खुनी पहिल्या प्रवेशापासून पेरावा लागतो, म्हणून श्रुतिका अर्ध्या तासाने वाढली. तर मंडळ म्हणतं, वेळ नाही, जेवण गार होईल, शेवट कट करा. अहो, चूक तुमची आणि कात्री काकांना? होऊ दे जेवण गार!

काकांना उदंड आयुष्य लाभो, आवाज खणखणीत राहो, आणि त्यांच्या खिशात नेहमी एक पान असो, जे आपल्यापैकी कुणी वाचलेलं नाही. मला रजा मिळत नाही, येता येणार नाही. पण शेवट झालाच पाहिजे. हॉलच्या जादा अर्ध्या तासाचं भाडं मी भरतो. आजच पाठवतोय, एकशे ऐंशी डॉलर.