शिवणबाईंचे सव्वीस नमुने

शिक्षणाचं नवं धोरण आलं तेव्हा मुलींच्या त्या शाळेत ज्याला मत नव्हतं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे शिवणबाई. बाकी गणिताच्या सरांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत सगळेच देशाच्या मनुष्यबळाची काळजी वाहत होते. वीस वर्षांनी कुठली कामं उरतील आणि कुठली यंत्रं गिळतील, यावर मधल्या सुट्टीत एवढा काथ्याकूट चाले की पुढचा तास हमखास उशिरा भरे. पुढच्या पिढीला बोटांनी काही करावंच लागणार नाही, असं गणिताचे सर छातीठोकपणे सांगत. त्यांच्या त्याच छातीवरचं बटण गेले दोन महिने जागेवर नव्हतं. शिवणबाई ऐकून घेत आणि सुईत दोरा ओवत बसत.

मग परिपत्रक आलं. प्रत्येक विषयानं आजवर मुलींच्या हाताला काय दिलं, याचा पुरावा पथकापुढे मांडायचा. दर वर्षाचा किमान एक नमुना हवा. पुरावा असेल तो विषय 'कौशल्य' गटात राहील, नसेल तो बंद आणि शिकवणारा 'अतिरिक्त'. अतिरिक्त म्हणजे कुठे जागा रिकामी असेल तिथे जायचं, मग ते गाव बसनं आठ तासांवर का असेना.

बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची. नमुने किती, तर एकही नाही.

ह्यात आळस नव्हता, उलट काटकसर होती. शाळेला मांजरपाटाचे तुकडे मिळत तेही मोजून-मापून. मुली त्यावर धावदोरा घालत, उलटी टीप घालत, कडेला एक काज करत. गुण देऊन झाले की वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बाई मुलींना ओळीनं बसवून ज्याचं त्याला उसवायला लावत. काजाची कड कापून टाकायची, तुकडा धुवायचा, इस्त्री करायचा, की पुढच्या वर्गाला तयार. रुमालाएवढा निघालेला तुकडा पाच-सहा वर्षांत तळहाताएवढा होई आणि उजेडात धरला तर चाळणी दिसे. दर स्नेहसंमेलनात हेडसर ह्या काटकसरीचं तोंडभरून कौतुक करत. आता तेच हेडसर दार लोटून म्हणाले, की बाई, हरवलेल्या वस्तू कधीकधी सापडतातही. पथकाला यायला तीन आठवडे आहेत. पुढचं ते बोलले नाहीत; हेडसर उगाच नाही झाले.

घरी नवरा होता. बस आगारात गाड्यांच्या वेळा नोंदवण्यात त्याची उमर गेली आणि निवृत्त झाल्यावर वर्षातच अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, किंबहुना तिला दुप्पट जोर आला. सकाळी त्याला अंघोळ घालून, भरवून बाई शाळेत जात. दुपारी शेजारच्या वहिनी डोकावत. चारला बाई परत. आठ तासांवर बदली झाली तर ह्याला उठवणार कोण, हा प्रश्न दोघांनाही पाठ होता आणि दोघंही तो तोंडाबाहेर काढत नव्हते.

त्याऐवजी बाईंनी दुपारी चारनंतर खाटेजवळ बैठक मारली आणि सव्वीस वर्षांच्या सव्वीस मुली व्हायला घेतलं. खोटेपणा करताना छातीत धडधडेल अशी त्यांची समजूत होती. त्या वाट बघत राहिल्या. काही झालं नाही. दोरा गेला, आला, गेला.

अडचण वेगळीच निघाली. नवशिक्या पोरीचा टाका वाकडा हवा, आणि बाईंचा हात वाकडा पडेना. मुद्दाम लांब घातलेला टाका पुढच्या दोन टाक्यांत आपोआप सरळ होई. नवरा उशीवरून मुकादमकी करत होता.

"अगं, ह्या वर्षीची पोर आळशी होती म्हण. जरा घसर की."

"घसरत नाही हो."

"आण इकडे. हा डावा हात बसूनच आहे."

त्यानं गुडघ्याखाली तुकडा दाबून डाव्या हातानं अर्धा तास खटपट केली. चारदा बोट टोचून घेतलं आणि जे झालं ते पाहून स्वतःच म्हणाला, ही पोर तर नापासच. बाईंनी त्यावर तेराव्या वर्षाची चिठ्ठी लावली. सगळे तुकडे चहाच्या पाण्यात कमी-जास्त बुडवून वाळवले. जुने दिसले.

पथकात तिघं होती, पण बोलणाऱ्या एकच, बाईंची लेक शोभतील अशा वयाच्या मॅडम. त्यांनी नमुने टेबलावर ओळीनं मांडले, प्रत्येकाचा फोटो काढला, पट्टीनं टाके मोजले. हेडसर घाम पुसत होते. बाई उभ्या होत्या तशा उभ्या होत्या. तेराव्यापाशी मॅडम थांबल्या आणि ह्या वर्षी काय झालं, असं विचारलं. बाई म्हणाल्या, की ती जरा हट्टी होती, पण मनानं चांगली होती.

मॅडमनी मान डोलावून पुन्हा सगळी ओळ न्याहाळली.

"बाई, हा एक सोडला तर पंचवीस मुली आणि टाका तसूभर हलत नाही. म्हणजे तुमची पद्धत माणसावर अवलंबूनच नाही. आम्ही हेच शोधत होतो."

हेडसरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वाजवायला हव्याच होत्या.

महिन्याभरानं कॅमेरेवाले आले. पाच दिवस त्यांनी बाईंचे हात टिपले, नुसते मनगटापर्यंत. चेहरा नको, पोरींचं लक्ष जातं, असं त्यांचं म्हणणं. नव्या वर्षापासून शिवण हा विषय देशभर राहिला, पडद्यावर. शाळाशाळांतल्या शिवणाच्या बाया मात्र अतिरिक्त ठरल्या. आपल्या बाईंना तेवढं जागेवर ठेवलं, कारण पद्धत त्यांच्या शाळेची; त्यांनी पडदा लावायचा, बंद करायचा आणि नोंद ठेवायची. पगार तोच, चारला घरी. नवऱ्यानं ऐकून डोळे मिटले आणि म्हणाला, की सुटलो. मग त्यानं तेराव्या नमुन्याचं काय झालं ते विचारलं. तो अपवाद म्हणून वगळला, असं कळल्यावर दोन दिवस तो पथकाला नावं ठेवत होता.

एका संध्याकाळी प्रशिक्षणाच्या काळातल्या मैत्रिणीचा फोन आला. तीही शिवण शिकवायची. तिला आठ नव्हे, अकरा तासांवर टाकलं होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "पडद्यावर तुझा हात ओळखला गं मी. करंगळी बाहेर काढून दोरा ओढतेस तू, तेव्हापासूनची खोड." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटायला हवं होतं. पण तेवढंही वाटलं नाही. तिकडे पाणी कसं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. बरं आहे म्हणाली.

आता तास असा असतो. खिडक्यांचे पडदे ओढलेले, भिंतीवर दारापेक्षा मोठे दोन हात. बाई मागच्या खुर्चीत. शिक्षकानं हात लावायचा नाही असा नियम आहे, नाहीतर शिकवलं कुणी ते मोजता येत नाही.

परवा पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा दोरा गाठीत अडकला. ती तुकडा घेऊन मागे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच दाखवा ना एकदा."

"पडद्याकडे बघ. मागे घेते."

बाईंनी अर्धं मिनिट मागे नेलं. हातांनी पुन्हा सुई उचलली, पुन्हा टाका घेतला. पडद्यावरच्या दोऱ्याला गाठ पडतच नव्हती, त्यामुळे ती सोडवायची कशी हे तिथे कुठेच नव्हतं. मुलीनं पाहिलं, ओढून पाहिलं, गाठ घट्ट झाली. बाईंनी पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा नेलं. चौथ्या वेळेला मुलीनं तुकडा बाकावर ठेवला आणि हातावर हनुवटी टेकून त्या मोठ्या हातांकडे नुसती बघत बसली.

तास संपायला बारा मिनिटं होती. बाईंनी वही उघडली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, पडदा सुरळीत.