चार पलंग आणि ज्याचा त्याचा देव

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, एका हातात दोन सुया आणि बाजूला आपलंच रक्त गाळणारं मशीन. सांगा, माणूस बोलणार तरी कशावर? पहिला महिना क्रिकेट. दुसरा महिना सुना आणि जावई. तिसऱ्या महिन्यात विषय संपतात आणि मग देव सुरू होतो! डोंबिवलीच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये, सकाळच्या शिफ्टला, असे किस्से इतके साठलेत की विचारू नका.

आम्ही चौघं. माझ्या शेजारी हमीदाआपा, कल्याणच्या कोकणी मुसलमान, शाळेत शिवण शिकवायच्या. समोर डिसोझा अंकल, केमिकल कंपनीतून रिटायर. त्यांच्या बाजूला शहाकाका, जैन, कपड्यांचं दुकान. आणि मी विलास, कोलशेतच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. चौघांत कॉमन गोष्ट एकच, भीती. कबूल कोणी करत नव्हतं, एवढंच.

*

माझा पहिला दिवस. सुई बघवेना म्हणून मान फिरवली. शेजारी आपांना सुई टोचली तशा त्या ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. विचारावंसं वाटलं, पण धीर होईना. आजकाल कोण कशाचा काय अर्थ काढेल! पण सुईची भीती त्याहून मोठी. विचारलंच.

"काय म्हणता हो तुम्ही? त्यानं कमी दुखतं का?"

"बिस्मिल्ला म्हणते. दुखायचं ते दुखतंच. तुम्ही काय म्हणता?"

तेवढ्यात सिस्टरनी माझी सुई घातली.

"आई गं!"

आपा म्हणाल्या, "चालतं की! तेही वरपर्यंत जातं."

*

रमजान आला तशा आपा गप्प गप्प राहायला लागल्या. एकदा डोळे पुसताना दिसल्या.

"मौलवींनी सांगितलं, आजाऱ्याला रोजा माफ आहे. त्याऐवजी गरिबाला जेवू घाल. घालते रे. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा रोजे नाहीत. वर गेल्यावर ओळख म्हणून काय दाखवू?"

मी म्हटलं, "आपा, माझी चतुर्थीपण बंद झालीय. उपासाला बटाटा चालत नाही, नारळपाणी चालत नाही. पोटॅशियम वाढतं म्हणे."

नेमक्या तेव्हाच डाएटिशियन मॅडम यादी घेऊन आलेल्या. खजूर बंद, केळी बंद, बटाटा तर बंदच बंद! मी म्हटलं, "बघा, या एकट्या बाईनं सगळ्यांचे उपास मोडले!"

समोरून शहाकाकांचा बारीक आवाज आला. "बटाटा आमच्यात सात पिढ्या बंद आहे. किडनी गेलीच ना!"

*

एका बुधवारी शहाकाकांनी डिसोझा अंकलना विचारलं, "तुमच्यात मेल्यावर डायरेक्ट स्वर्ग का?"

"डायरेक्ट कोण जातो? आधी पर्गेटरी. पापं धुवायची जागा. साफ होईपर्यंत तिथे थांबायचं."

"किती वेळ?"

"ज्याच्या त्याच्या पापांवर आहे."

आपांनी अंकलच्या मशीनकडे बघितलं. "मग तुमचं तर चालूच झालंय!"

आम्ही हसलो. अंकल हसले नाहीत. म्हणाले, "थांबायची नाही भीती. एकट्यानं थांबायची आहे. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली तर सुटका लवकर होते. माझ्या मागे कोणी नाही."

मग शहाकाकांनी विचारलं, "प्रार्थनेला ख्रिश्चनच लागतो का?"

अंकल म्हणाले, फादरना विचारतो. शुक्रवारी आले ते खुशीतच. "फादर म्हणाले, मनापासून कोणीही करा!"

"मग पापांची यादी देऊन ठेवा," आपा म्हणाल्या. "कशासाठी रदबदली करायची ते आम्हाला कळायला नको?"

अंकल लाजले. "ती पूर्ण यादी अजून फादरनापण दिलेली नाही!"

*

पावसाळ्यानंतर शहाकाका फार थकले. एका शुक्रवारी जाताना शांतपणे म्हणाले, "सोमवारपासून मी येणार नाही. संथारा घेतोय." मग आम्हाला समजावून सांगितलं. जैनांचं शेवटचं व्रत. अन्नपाणी हळूहळू सोडायचं आणि मरण आलं की त्याला येऊ द्यायचं.

मी घाबरून बोलून गेलो, "काका, ही आत्महत्याच की!"

"नाही रे. आत्महत्या माणूस रागानं करतो, नाहीतर घाबरून. इथे राग नाही, भीती नाही."

आपा म्हणाल्या, "आमच्यात जीव म्हणजे अमानत, अल्लाची ठेव. आपला नाहीच, तर सोडणार कसा?" अंकलनी छातीवर क्रुसाची खूण केली. भांडण नाही झालं. पण त्या दिवशी जाताना कोणी कोणाला 'येतो' म्हटलं नाही.

सोमवारी काकांच्या पलंगावर कोरी चादर. आम्ही तिघं तिच्याकडे न बघता पडून होतो. साडेसातला दार उघडलं आणि काका आले! मुकाट्यानं आडवे झाले, हात पुढे केला. सुई लागल्यावर तेच म्हणाले, "आमच्या साधू महाराजसाहेबांनी परवानगी नाही दिली."

"का?"

"त्यांनी विचारलं, मरणाची भीती वाटते का? व्रत मागायला गेलेला माणूस खोटं कसं बोलणार? म्हटलं, वाटते. फार वाटते. ते म्हणाले, मग घरी जा, भिणाऱ्याला हे व्रत देता येत नाही."

आपांनी मोकळा हात कपाळाला लावला. "अल्लाचे उपकार! काका, असेच भित्रे राहा."

*

आता शेवटचा किस्सा. कल्याणात कुठेतरी काहीतरी झालं, दुकानं पटापट बंद झाली, आणि आपांचं बुधवारचं डायलिसिस चुकलं. शुक्रवारी पहाटे मी फोन केला. "श्वास लागतोय," एवढंच म्हणाल्या. मुलगा परगावी, रिक्षावाले यायला तयार नाहीत. दोन पाळ्या चुकल्या तर पाणी फुफ्फुसात जातं, हे आम्हा चौघांना पाठ आहे.

मी आणि माझी बायको मेधा गाडी घेऊन गेलो. रस्ते रिकामे. आपा मागच्या सीटवर, डोक्यावरून ओढणी घेऊन, धापा टाकत.

"विलास, वाटेत काही झालं तर माती लवकर द्यायला सांग. आमच्यात ताटकळत ठेवत नाहीत. तोंड काब्याकडे करायचं."

"म्हणजे कुठे, आपा?"

"पश्चिमेला."

मेधा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पश्चिम म्हणजे खाडीची बाजू. लक्षात राहील. पण तुम्ही आता बोलू नका."

पुलाच्या अलीकडे बॅरिकेड. हवालदारानं काच खाली करायला लावली. "मागे कोण?"

मेधा पटकन म्हणाली, "माझी नणंद. डायलिसिसला नेतोय."

हवालदारानं आपांकडे बघितलं. ओढणीकडे, मग हातावरच्या सुयांच्या व्रणांकडे. मग मेधाच्या टिकलीकडे. बराच वेळ बघितलं.

"नणंद?"

"हो."

त्यानं बॅरिकेड बाजूला ओढलं आणि परत खिडकीशी येऊन वाकला.

"मग वहिनी, तुम्ही पुढे का बसलात? मागे जा, तिचा हात धरून बसा. पुढे अजून दोन नाके आहेत."